कराचीची ओळ

२०२५च्या जून महिन्यातली गोष्ट. अण्णांचा फोन आला होता. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसल्यामुळे रानाला वाफसाच नाही, पेरायचं कसं, यावर बोलून झालं. गुडघ्याच्या तेलावर बोलून झालं. आईनं मागून ओरडून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊन झाली. आता ‘बरं, ठेवतो’ म्हणायची वेळ आली आणि अण्णा म्हणाले, “आरं, ते कराचीचं पुढं काय झालं?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कराची म्हणजे कोण, कुठली? मग ट्यूब पेटली आणि मी हसलो. मोठ्यांदा हसलो. “अण्णा, सोडा की आता ते,” असं काहीतरी म्हणालो. तिकडून जरा वेळ काही आलं नाही. मग ‘बरं बरं’ आलं आणि फोन ठेवल्याचा आवाज आला. वाऱ्यानं कवाड लागावं तसा, रागाचा नाही, पण ठाम. नंतर ऑफिसात बसलो, मीटिंगा झाल्या, घरी येताना वारज्याच्या पुलाखाली तासभर अडकलो, आणि सगळा वेळ ते हसू पायात काटा मोडून राहावा तसं आत सलत राहिलं. पंचाहत्तर वर्षांच्या माणसानं एक साधा प्रश्न विचारला होता. बातमी सुरू झाली होती, ती संपली कुठं? मी त्याला हसलो होतो.

कराचीची बातमी टीव्हीवर लागली त्या रात्री मी गावीच होतो. ८ मे. पाकिस्तानशी लढाई पेटलेली. पोरांच्या सुट्ट्या, आंब्यांच्या पेट्या, दुपारी पत्र्याखाली बसवत नाही असं ऊन. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घराघरात फौजी असलेल्या अपशिंग्याची सर नाही, तरी गल्लीगणिक एखादं पोरगं फौजेत आहेच. शेजारच्या सिंधूकाकूंचा धाकटा पठाणकोटला. दोन दिवस त्याचा फोन नव्हता. काकूंच्या टीव्हीचा रिचार्ज संपला होता म्हणून त्या जेवणं उरकून आमच्याकडं आल्या, दाराच्या आत भिंतीला टेकून बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्याआधी रिमोट पोरांच्या ताब्यात होता. धरमशालेची आयपीएलची मॅच चालू होती, ती मध्येच थांबली, मैदानातले दिवे गेले, लोकांना बाहेर काढायला लागले. पोरं हिरमुसून उठली आणि रिमोट अण्णांकडं आला.

पुढचे चार तास आमच्या सोप्यात जे काही झालं त्याला बातम्या म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता येत नाही. पडद्याचे आठ तुकडे, प्रत्येक तुकड्यात एक माणूस, सगळे एकाच वेळी बोलणारे. खाली लाल पट्टी, तिच्याखाली पिवळी पट्टी, कोपऱ्यात ज्वाळा. ज्वाळा खऱ्या नव्हेत, काढलेल्या. विमानंही काढलेली. निवेदक उभा, बाह्या सरसावलेल्या, पायाखाली पाकिस्तानचा नकाशा. आणि या सगळ्याच्या मागं एक सायरन. चढत जाणारा, उतरणारा, पुन्हा चढणारा. माझी नऊ वर्षांची मुलगी आतल्या खोलीतून उठून आली आणि म्हणाली, “बाबा, हे आपल्या इथं वाजतंय का?” बाहेर कुत्रीसुद्धा भुंकायला लागली होती. मी म्हणालो, टीव्हीत आहे. ती म्हणाली, “मग बंद करा ना.” अण्णांनी आवाज वाढवला. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

आणि मग कराची आलं. कराची बंदरावर नौदलाचा हल्ला. आयएनएस विक्रांत. अंधारात लाल उजेड, धूर. दुसऱ्या चॅनेलवर इस्लामाबाद. तिसऱ्यावर पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक. अण्णा खुर्चीत पुढं सरकून बसले होते. सिंधूकाकूंना कराची कुठं आणि पठाणकोट कुठं याचा पत्ता नव्हता. त्या मला हळूच म्हणाल्या, “त्या बोटीवर आमचं पोरगं न्हाई न्हवं?” मी म्हणालो, नाही काकू, तो आर्मीत, बोट नेव्हीची. त्यांनी मान हलवली, पण बोटाचा पदर काही सुटला नाही.

रात्री मी गच्चीवर झोपायला गेलो. झोप येईना म्हणून मोबाईल काढला. सव्वा वाजला होता. बातम्यांची खातरजमा करणाऱ्या एकानं तोवर टाकलं होतं की कराचीची म्हणून जी आग फिरते आहे ती जानेवारीत अमेरिकेत, फिलाडेल्फियात विमान पडलं होतं त्याची आहे. सरकारकडून कराचीबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते वाचलं, ‘वाटलंच’ असं मनात म्हणालो, मोबाईल उशाखाली सारला आणि कूस बदलली. खाली सायरन चालूच होता. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. मी उतरलो नाही.

सकाळी साडेसहाला काकूंच्या मुलाचा फोन आला. पाऊण मिनिटाचा. त्यात त्यानं ‘मी बरा आहे’ एकदा सांगितलं आणि ‘टीव्ही बघू नको’ दोनदा.

अण्णा एसटीत होते. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक, म्हणजे लोकांच्या भाषेत कंट्रोलरसाहेब. खिडकीतला माणूस. गाड्यांच्या नोंदी करायच्या, कंडक्टरांच्या लॉगशीटवर सह्या करायच्या आणि माईकवरून घोषणा करायच्या. ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे’ हे वाक्य मी शाळेत जायच्या आधीपासून पाठ म्हणत असे, अगदी त्यातल्या खरखरीसकट. लहानपणी मला वाटायचं की अण्णांचे आवाज दोन आहेत, घरातला एक आणि स्टँडवरचा एक. स्टँडवरच्या आवाजात सातारी हेल नसायचा, आणि घाई तर अजिबात नसायची. गाडी दोन तास उशिरा येणार असली तरी तोच आवाज, समोर लागलेली असली तरी तोच.

एकदा मी तिथं असताना त्यांच्या हातून चूक झाली. फलटणची गाडी चार नंबरला लागली असं सांगितलं, ती होती दोनला. चारला दहिवडीची होती. एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं, काखेत कोंबडी, चारकडं धावली आणि चढलीही. अण्णांच्या लक्षात आलं तसं त्यांनी माईक ओढला, ‘आधीची घोषणा चुकीची होती’ असं सांगितलं, गाडी दोनला आहे हे सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून खिडकीतून उठून पळत गेटवर जाऊन दहिवडीची गाडी थांबवली. म्हातारी उतरली, अण्णांना यथेच्छ शिव्या देऊन दोनकडं गेली. कोंबडीही ओरडत होती. अण्णा धापा टाकत परत येऊन बसले आणि मला म्हणाले, “चुकलेलं एकदा सांगितलं तर बरुबर तीनदा सांगाय लागतं. पयलं कानात बसलेलं असतंय.”

त्यांना कराची खरं का वाटलं, याचा मी नंतर बराच विचार केला. अण्णा भोळे नाहीत. बाबा-बुवांच्या बातम्या लागल्या की ते चॅनेल बदलतात, निवडणुकीच्या चर्चा लागल्या की झोपतात. पण कराची त्यांच्यासाठी नवीन नव्हतं. १९७१ साली ते एकवीस वर्षांचे होते, एसटीत अजून चिकटायचे होते. ४ डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी खरोखरच कराची बंदरावर हल्ला केला होता, चार दिवसांनी पुन्हा केला, तेलाच्या टाक्या पेटल्या. आपला नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो त्यामुळेच. गावात तेव्हा सरपंचांच्या वाड्यात एक रेडिओ, अंगणात शे-दीडशे माणूस. अण्णा सांगतात, बातमी सांगणाऱ्याचा आवाज आदल्या दिवशी कापसाचा भाव सांगणाऱ्यासारखाच होता. “त्यो सांगत हुता, वरडत न्हवता. वरडायचं काम आमचं हुतं.” बातमी झाली, मग अंगण ओरडलं. कोणीतरी गुळाची ढेप फोडली.

म्हणजे एकदा जळालेलं कराची त्यांच्या डोक्यात चोपन्न वर्षं होतं. पुन्हा जळालं म्हटल्यावर त्यात न मानण्यासारखं काय? शिवाय त्यांचा एक साधा हिशेब आहे, तो त्यांनी मला दिवाळीत सांगितला. पुढाऱ्यांबद्दल खोटं बोलतील, नटनट्यांबद्दल बोलतील, पण “देसाच्या लढाईत कोण खोटं बोलंल?”

मी जुन्या काळाची आरती ओवाळायला बसलेलो नाही. आमच्याच घरात त्या काळाचा दुसरा किस्साही आहे. ३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी नऊ-सव्वानऊच्या सुमारास इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीनं त्या गेल्याचं सांगितलं ते संध्याकाळी. मधले सगळे तास स्टँडवर नुसती कुजबुज. पुण्याहून आलेले ड्रायव्हर काहीबाही सांगत होते. स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात ट्रान्झिस्टरवर बीबीसी लावलेलं, मालक कान लावून बसलेला, आणि त्याच्या तोंडाकडं बघत पन्नास माणसं उभी. लोक खिडकीपाशी येऊन अण्णांना विचारत, साहेब, खरं का? हातात माईक असलेला तालुक्यातला तो एकच माणूस. अण्णा म्हणत, माझ्याकडं फक्त गाड्यांची माहिती आहे. आकाशवाणीबद्दल त्या दिवशीचं त्यांचं मत आजही तेच आहे, “खोटं न्हवते सांगत. सांगतच न्हवते.” आणीबाणीत तर न सांगण्याचं तंत्रच झालं होतं. त्यामुळे दूरदर्शनवर आपला विश्वास होता असं आपण हल्ली उसासा टाकून म्हणतो, तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं होतं. दुसरं काही नव्हतंच की हो. एकच दुकान असल्यावर त्याच्या मापावर विश्वास ठेवण्यात मोठेपणा तो काय?

तरीही. मुंबई दूरदर्शनवर स्मिता पाटील बातम्या देत होत्या तेव्हा आमच्याकडं वीजही धड नव्हती, त्यामुळे ते सोडा. पण पुढं शटरचा टीव्ही आला, बांबूला अँटेना बांधून सिंहगडाच्या दिशेनं फिरवायला लागलो, आणि मुंग्यांच्या वारुळातून चेहरे दिसायला लागले. त्यातला प्रदीप भिड्यांचा आवाज. मुंग्या कितीही असोत, आवाज स्वच्छ. बातमीपत्रात कधी कोणाकडून शब्द चुकला तर ‘क्षमा करा’ म्हणून तेच वाक्य पुन्हा नीट वाचलं जायचं. लहानपणी आम्हाला ती गंमत वाटायची, कोण चुकतं याची वाट बघायचो. अण्णांना मात्र ते फार आवडायचं. ‘क्षमा करा’ आलं की ते मान हलवायचे, तबल्याच्या समेला हलवावी तशी. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला ओळखतो. २०२२च्या जूनमध्ये भिडे गेले त्या दिवशी अण्णांनी डायरीत ओळ लिहिली आहे, ‘प्रदीप भिडे वारले. स्पष्ट बोलत.’

ही डायरी म्हणजे साखर कारखान्याची. दरवर्षी सभासदांना मिळते. एसटीतली नोंदीची सवय, निवृत्तीनंतर हात मोकळा राहवेना म्हणून सुरू झालेलं प्रकरण. रोज तीन ओळी. एक हवेची, एक घरात आल्या-गेल्याची, एक बातमीची. बातमीची ओळ टीव्ही बघून. वर्तमानपत्र शिळं असतं असं त्यांचं म्हणणं.

२००७-०८च्या सुमारास मराठी चॅनेलं चोवीस तास सुरू झाली तेव्हा काय अप्रूप वाटलं होतं! दिल्ली-मुंबईच्या पट्टीवर आमच्या तालुक्याचं नाव पळायला लागलं. माण-खटाव टीव्हीवर. २०१३च्या दुष्काळात चारा छावणीवर ओबी व्हॅन आली तेव्हा जनावरं सोडून माणसं छत्रीएवढी ती तबकडी बघायला गेली. तिथं एका बाईला डोक्यावर हंडा घेऊन चालत यायला सांगितलं. ती आली. मग ‘मावशी, पुन्हा एकदा’. ती पुन्हा गेली आणि पुन्हा आली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, “रिकामा हंडा चालंल का?” रिपोर्टर पोरगा कसनुसा झाला. पाणीटंचाई खरी होती, हंडा खरा होता, बाई खरी होती, आणि तरी मला तिथं उभं राहून खोट्याचा वास आला. तो वास कशाचा, हे मला आजही नीट मांडता येत नाही. कारण त्या बातमीनंतर चार दिवसांत छावणीला टँकर वाढला, हेही मी पाहिलं आहे.

माझा एक वर्गमित्र जिल्ह्यात स्ट्रिंगर आहे. गाडीच्या डिकीत तीन चॅनेलांचे बूम, म्हणजे माईक, पगार कोणाचाच नाही, बातमी लागली तर पैसे. तो म्हणतो, पूर्वी डेस्कवरून फोन यायचा, ‘खात्री केली का?’ आता येतो, ‘त्यांच्याकडं लागली, आपल्याकडं का नाही?’ आधी चालवायचं, मग विचारायचं. आणि विचारल्यावर उत्तर वेगळं आलं तर? तो हसला. “तोवर दुसरी लागलेली असते.” या सगळ्याच्या मुळाशी टीआरपी, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. २०२० साली देशात टीव्ही असलेली घरं एकवीस कोटींच्या घरात होती, आणि कोण काय बघतं हे ठरवणारे मीटर होते सुमारे ४४ हजार घरांत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात या मीटरांत फेरफार होते असा आरोप मुंबई पोलिसांनी केला, मोठा गाजावाजा झाला, पुढे तो खटला सरकारनं मागेही घेतला. मधल्या काळात बातम्यांच्या चॅनेलांचे आकडे जाहीर करणंच बंद होतं, थेट मार्च २०२२पर्यंत. मला भाबडी आशा होती की आकडे नाहीत तर आरडाओरडाही कमी होईल. कुठलं काय. सवय लागलेली होती. त्यांना, आणि आम्हालाही.

अण्णांना मी मीटरचं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आपल्याकडं कुणी इचाराया आलं न्हाई.” लोकांचा बातम्यांवर किती विश्वास आहे याचे पाहणी-अहवाल परदेशातून निघतात, त्यात भारताचा आकडा बरीच वर्षं चाळिसाच्या आगेमागे टक्के दिसतो. त्या पाहण्या इंटरनेटवरच्या, मुख्यतः इंग्रजी येणाऱ्या लोकांच्या. तिथंही अण्णांना विचारायला कोणी आलेलं नाही.

आणि विचारलं असतं तरी त्यांनी काय सांगितलं असतं? ऑगस्ट २०१९च्या पुरात माझी बहीण सांगलीत अडकली होती. तिचा फोन बंद. चार दिवस अण्णांनी टीव्ही बंद केला नाही. आयर्विन पुलाजवळची पातळी, फुटांत. धोक्याची ४५. पन्नास झाली, बावन्न झाली, सत्तावन्नच्या वर गेली. तो आकडा पट्टीवर आला की अण्णा कागदावर वेळ घालून लिहीत. कंबरभर पाण्यात उभं राहून ओरडणाऱ्या पोरी होत्या, त्यांचा आवाजही फाटलेला होता, पण तो फाटला होता पावसानं आणि मोटारबोटींच्या आवाजानं. आकडा पहिल्यांदा एका फुटानं खाली आला तेव्हा आई देवापुढं जाऊन बसली. त्या चार दिवसांत आमच्या घरात टीव्ही हा सगळ्यात विश्वासाचा माणूस होता. पुलावर फुटांच्या खुणा आहेत, खोटं बोलला असता तर सांगलीतल्या कुठल्याही पोरानं पकडला असता.

त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर. सकाळी अण्णांच्या हातात वर्तमानपत्र, त्यात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. समोर टीव्हीवर फडणवीस शपथ घेत आहेत, शेजारी अजित पवार. अण्णांनी मला फोन केला. मी दात घासत होतो. “जुनं दाखवत्यात बघ,” म्हणाले. मीही तेच म्हणालो. जुनं असणार. अण्णा म्हणाले, पण दादा कसे काय तिथं? पाच-दहा मिनिटं आम्ही दोघं, एक गावात आणि एक पुण्यात, डोळ्यांनी दिसतंय ते खोटं कसं आहे हे एकमेकांना पटवत होतो. टीव्ही त्या दिवशी अक्षरशः खरं बोलत होता. मानायला आमचीच तयारी नव्हती.

आईची गोष्ट आणखी निराळी. नोव्हेंबर २०२२मध्ये विक्रम गोखले गेल्याची बातमी रात्री लागली. आईनं डोळ्याला पदर लावला, नाटकातली एक आठवण सांगितली. सकाळी घरच्यांनी सांगितलं, ते आहेत, उपचार चालू आहेत. दोन दिवसांनी ते खरोखरच गेले. आई पडद्याकडं बघून म्हणाली, “आता खरंच का?” आणि तिला रडू आलं नाही. एकदा रडून झालं होतं. मला ते फार वाईट वाटलं. २०२५च्या नोव्हेंबरात धर्मेंद्रच्या बाबतीत पुन्हा तेच झालं, तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “थांब, दोन-चार दिवस बघू.” धर्मेंद्र त्यानंतर तेरा दिवस होते.

कराचीचंही असंच काहीसं अर्धवट झालं. मेच्या ९ तारखेला संरक्षण मंत्रालयानं कारवाईचं थेट प्रक्षेपण करू नका म्हणून सांगितलं, १० तारखेला सायरन वाजवू नका असं चॅनेलांना कळवण्यात आलं. आमच्या कुत्र्यांना हे दोन दिवस आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. ११ला तिन्ही दलांचे अधिकारी बोलले. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की हवं तेव्हा, कराचीसह, मारा करायच्या तयारीत आम्ही होतो. अण्णांनी हे ऐकलं होतं. तयारीत होतो म्हणजे मारलं नाही, का मारायचं राहिलं, का मारलं पण सांगायचं नाही? एखाददुसऱ्या हिंदी चॅनेलनं चुकल्याचं कबूल केलं, असं मी वाचलं. आमच्या सोप्यातल्या टीव्हीवर ते काही आलं नाही, किंवा आलं असेल तर अण्णा तेव्हा बैलांना पाणी पाजत असतील. चार तास ओरडून सांगितलेलं चुकलं हे अर्ध्या मिनिटात सांगितलं तर ते असंच कोणाच्या तरी बैलांच्या पाण्यात जातं. पूंछमधल्या एका शिक्षकाचं तर याहून वाईट झालं. पाकिस्तानी तोफगोळ्यानं तो मेला आणि आपल्या चॅनेलांनी त्याला अतिरेकी ठरवला. त्यासाठी एका वकिलाला न्यायालयात जावं लागलं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा अण्णा आंघोळीला गेले होते. टेबलावर डायरी. मी कधी उघडत नाही, त्या दिवशी उघडली. ८ मे. ‘कडक ऊन. सिंधू आली होती. नौदलाचा कराची बंदरावर हल्ला.’ शाईपेन. त्याखाली दोन ओळी कोऱ्या. बाकी कुठल्याच पानावर कोरी जागा नाही, कागद वाया घालवणारा माणूस नाही तो. ९ मे, १० मे, सगळीकडं तीन तीन ओळी ठासून. इथं मात्र दोन ओळी सोडलेल्या. लॉगशीटवर गाडी निघाल्याची वेळ लिहून पोचल्याची जागा मोकळी ठेवतात, तशी.

अण्णा टॉवेलनं कान पुसत आले. डायरी उघडी बघून काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, “अण्णा, ते कराचीचं काही झालं नव्हतं. हल्ला झालाच नाही.”

“तुला कवा कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. पेपरात वाचलं, नंतर कधीतरी, असं काहीही. “त्याच रात्री,” मी म्हणालो. “गच्चीवर. मोबाईलवर.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील, मग खाली का आला नाहीस? त्याचं उत्तर मी सहा महिने शोधत होतो आणि मला सापडलं नव्हतं. आळस होता. थोडी मजाही वाटत होती, म्हातारा कसा फसला याची. आणि त्या रात्री त्यांचा चेहरा एकवीस वर्षांचा झाला होता, तो मोडायला जीव झाला नाही, हेही खरं. पण त्यांनी ते विचारलंच नाही. चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, “किती वाजता?”

“सव्वा एक.”

‘१.१५. वरील घोषणा चुकीची’, एवढं लिहिलं. खाली बारीक अक्षरात सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. मग दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

“कुठं निघालात? फराळ व्हायचाय,” आई आतून म्हणाली.

“सिंधूला सांगून येतो.”